सहा कॉम्प्युटर, एक सीडी

४ जून
ग्रंथपाल मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, कॉम्प्युटर कक्षात कुणी फिरकत नाही, महिनाअखेर कक्ष बंद आणि तुम्ही परत आलेल्या पुस्तकांच्या खिडकीवर. त्यांना कल्पना नाही, गाठ कुणाशी आहे! कपाटात प्राणिविश्वकोशाची जुनी सीडी सापडलीय. माझ्या कॉम्प्युटरमध्ये घालायची, नेटवर्कवर शेअर करायची, की सहाही कॉम्प्युटरवर एकदम सिंह. वाचकांची झुंबड. बायकोला सांगून टाकलं, नेटवर्कप्रमुख होणार. ती म्हणाली, आधी दाराची बेल दुरुस्त करा.

७ जून
शेअर झालं! सहाही पडद्यांवर एकच ओळ: मूळ सीडी याच कॉम्प्युटरमध्ये घाला. शेजारच्याची चालत नाही म्हणे. कंपनीचा कोतेपणा.

१० जून
तोडगा निघाला. सीडी एकात घालायची, प्राणी उघडला की काढून दुसऱ्यात. म्हणजे नेटवर्कच, फक्त वायरच्या जागी मी. पान उलटलं की सॉफ्टवेअर पुन्हा सीडी मागतं. वाचक हात वर करतात, मी धावतो. कक्ष भरलेला! एक रिटायर्ड मास्तर कासव वाचत होते. म्हणाले, पुढचं पान येईपर्यंत माझी डुलकी झाली. स्पीड वाढवायला हवा. उद्यापासून पळायचे बूट.

११ जून
बूट चावले. गुडघा धरलाय. व्यायाम सोमवारपासून नक्की.

१४ जून
कॅटलॉगच्या ताई आडव्या आल्या. शिक्का नसलेली वस्तू वाचनालयात फिरवायची नाही म्हणे. नियम म्हणजे नियम. सीडीच्या एका बाजूला चित्र छापलंय, म्हणून दुसऱ्या, कोऱ्या चकचकीत बाजूवर स्वतः ठसठशीत शिक्का मारला. खाली सही. झकास दिसतंय.

संध्याकाळी
सीडी कुठेच चालेना. नेटवर्कवर लोड आला असणार.

१५ जून
लोड नव्हे, शिक्का. ताई म्हणाल्या, पुस्तकांना तर चालतो. रुमाल, थुंकी, टूथपेस्ट, सगळं झालं. शेवटी बायकोचं नेलपॉलिश काढायचं औषध लावलं. शिक्का निघाला, सीडीची चकाकीही निघाली.

२८ जून
कक्ष वाचवायला वाचनालयाच्या समितीसमोर प्रात्यक्षिक. सिंह आला नाही. हवामानाचा परिणाम, असं सांगितलं. मॅडमनी मास्तरांना विचारलं, तुम्ही इथे रोज का येता? मनात म्हटलं, वाचलो! मास्तर म्हणाले, ह्यांना पळताना बघायला. बाकीच्या वाचकांनीही माना डोलावल्या. हल्ली पळत नाहीत, अशी तक्रारही केली.

३० जून
उद्यापासून खिडकी. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. आज घरी सांगणारच होतो, तेवढ्यात सासूबाईंचा फोन. जावईबापू, नेटवर्कप्रमुख झालात म्हणे, आम्ही सगळ्या नातेवाइकांना कळवलं.
थँक्यू म्हणालो.