तात्यांची गिरणी बंद का पडत नाही

कर्जत, १२ जानेवारी १९४४

आज तात्यांना विचारलंच. दिवसभर माणसं त्यांच्याकडे येतात, पण हे कुणी विचारत नाही — तुम्ही एवढे मोठे कसे झालात?

भाताची गिरणी त्यांची, मी शिकवते त्या मुलींच्या शाळेचे अध्यक्षही तेच. इंग्रजी मात्र येत नाही. म्हणून गेल्या आठवड्यापासून शाळा सुटली की मी त्यांची सरकारी पत्रं लिहायला जाते.

वाटलं, रागावतील. ते भाताचा दाणा नखाने सोलत होते. म्हणाले, "सुनीतीबाई, माझ्याकडे भात नाही. भात लोकांकडे. माझ्याकडे फक्त गिरणी."

"गिरणी तर कशेळ्याला आबाजींचीही आहे."

"त्यांची बंद पडते," तात्या म्हणाले, आणि सोललेला दाणा तोंडात टाकला.

१७ जानेवारी

आबाजींची का बंद पडते? यांची का नाही? इंजिनं दोन्हीकडे एकाच बनावटीची, पाटीवर वाचलं मी. आई म्हणते, "तुला काय करायचंय? पत्रं लिही आणि घरी ये."

२१ जानेवारी

कळलं! हिरामण मिस्त्रीने सांगितलं. आसपासच्या गावांत इंजिन उघडून पुन्हा जोडणारा हा एकटाच. तात्या त्याला महिन्याचा पगार देतात — काम असो, नसो. बहुतेक दुपारी तो गिरणीमागे आंब्याखाली आडवा असतो.

"आबाजींकडे का जात नाहीस?"

"नाय कोन म्हनतो? तात्यांनी कदी अडवलं नाय. फकस्त सांगून जायचं. आन् सांगाया गेलं का काय ना काय काम निगतंच."

म्हणजे तात्या आबाजींचं वाईट काहीच करत नाहीत. एका माणसाला बसवून ठेवतात, झालं. खोटं कशाला लिहू, मला हे फार हुशारीचं वाटलं. घरी येईपर्यंत हसू येत होतं.

३ फेब्रुवारी

मोठं पत्र. मुंबईच्या रेशनसाठी सरकार भात घेतं, ते कुठल्या गावाचं कुठल्या गिरणीत भरडायचं, त्याबद्दल. तात्या म्हणाले, "पूर्वेकडच्या गावांचं एकाच ठिकाणी भरडलं तर सरकारच्या सोयीचं होईल, एवढंच लिहा. माझी बढाई कुठे नको."

तीन वेळा लिहिलं. एक वाक्य इतकं छान जमलं की मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना अक्षर कळलं नसेल, पण मान डोलवत होते.

१९ फेब्रुवारी

हुकूम आला. त्यात माझं वाक्य, जसंच्या तसं. एक शब्द बदललेला नाही. आधी आनंदच झाला. मग खालचं वाचलं — पूर्वेकडचं सगळं भात कर्जतला, सबब कशेळ्याच्या गिरणीचा इंजिनाच्या तेलाचा परवाना रद्द.

तात्यांनी चहा मागवला. मी तो तसाच ठेवून घरी आले.

२३ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत आबाजी शाळेत आले, बरोबर त्यांची बायको अंबाबाई. मुलींच्या बस्करावर बसले दोघं.

"बारा बाया पाखडायला येत हुत्या, त्या घरी बसल्या," आबाजी म्हणाले. "अर्ज करायचा हाय. वकिलाकडं गेलो, तो म्हनतो मी तात्यांचं काम बगतो. दुसऱ्याकडं गेलो, तो बी तेच. मंग कुनी म्हनलं, शाळंतल्या बाईंना इंग्रजी येतं."

आंब्याखाली झोपलेला हिरामण डोळ्यांपुढे आला. त्याच्या शेजारी दोन वकील. आणि मी.

सांगून टाकलं. "ते पत्र मीच लिहिलं होतं."

अंबाबाईंनी मला नीट न्याहाळलं. म्हणाल्या, "मंग त्यात खोट कुटं हाय, ते बी तुमालाच ठावं."

२४ फेब्रुवारी

अर्ज लिहिला. कशेळ्याहून बैलगाडीने कर्जतला येऊन परतायला अख्खा दिवस जातो, वाटेत किती भात सांडतं, पावसाळ्यात रस्त्याची काय दशा होते — सगळं. माझंच वाक्य मी खोडून काढलं. सही आबाजींची, अक्षर माझं. कचेरीत ते ओळखतील. तात्यांच्याही कानावर जाईल.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "शाळा गेली तर शिवणाचं मशीन आहे."

२ मार्च

दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून तात्यांकडे गेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चांगलं लिहिलंत?"

"हो."

"मग होईल मंजूर." आणि पुढचं पत्र सांगायला लागले.

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

८ मार्च

शाळेतून काढल्याची चिठ्ठी नाही. काहीच नाही.

१४ मार्च

कशेळ्याची गिरणी काल सुरू झाली. आबाजी स्वतः सांगायला आले, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. इतकं खूश मी त्यांना पाहिलंच नव्हतं. "तुमचा अर्ज मंजूर झाला, बाई, आन् त्याच सांजला तात्या आमच्या वटीवर! निम्मी गिरणी त्यांच्या नावावर केली. तेलाचं तेच बगनार, हिरामनला बी तेच धाडनार. आता कसली काळजी नाय."