उगवतीकडची वाट

मार्ग. व. ३, सोम.
प्लेगनं गाव उठलं, मदरशाला, म्हणजे गावच्या शाळेला, कुलूप. रानातल्या खोपटात दादाची पोरं, कमल सहाची, बंडू चारचा, आणि मी त्यांची आत्या. रिकामी बसली की 'आई कुठं' सुरू. म्हणून आठवडा आखला: आज चिंचोके मोजणं, उद्या दिशा, मग राखेत अक्षरं, शनिवारी पाखरं. सोलापुरात शिकलेली माझी मराठी चौथी एवढ्याला पुरेल.
वहिनी गेली हे पोरांना माहीत नाही. त्यांना दोन दिवस आधीच इकडं आणलं होतं. आई जळकोटला मामाकडं गेलीय, असं मीच सांगितलं.

व. ४, मंगळ.
दिशा. सूर्याकडं तोंड, पाठीशी मावळत. गिरक्या घेताना बंडू दोनदा पडला, हसून पुरेवाट. मग कमल: "आत्या, जळकोट कुठल्या अंगाला?"
"उगवतीला. सडक सरळ जाती." बोलून गेले.
दोघं तिकडं बघत राहिली. मीही.

व. ६, गुरु.
राखेत 'आ' काढायला सांगितला. कमलनं पुढं 'ई' काढली. मी हातानं पुसलं. का पुसलं? हात धुतले तरी राख लागलेलीच वाटते.
सकाळी सडकेवर वहिनीचं असायचं तसलं हिरवं लुगडं दिसलं. दुसरीच कुणी बाई होती, पण मी उठून उभी राहिले होते. स्वतःच्याच थापेला भुलायला लागले. भीती वाटते.

व. ८, शनि.
पाखरं राहिली. न्याहारीला दोघं गायब. दादा आणि मी धावत सुटलो. सडकेवर, लांबच्या चिंचेपाशी सापडली. बंडूच्या सदऱ्यात अर्धी भाकर, आईसाठी.
मारायला हात उचलला, तर कमल म्हणते, "आमी चुकलो न्हाय. सूर्य तोंडापुढंच ठिवला व्हता."
माझा हात तसाच खाली आला.

व. ९, रवि.
दादाला म्हटलं, आता सांगून टाकू.
"लहान हायती गं. आठ दिस जाऊ दे."
आठ दिवसांत पुन्हा निघतील. वाटेत कुणी परकंच सांगेल. दादा बोलून उगवतीकडं बघत बसला. त्यालाही ती येईलसं वाटतं की काय...

व. १०, सोम.
हा आठवडा आखला नाही. सकाळी दोघांना जवळ घेतलं. बंडू ती भाकर सोडत नाही, वाळून कडक झालीय.
"आज काय शिकिवणार?" कमल.
"त्या दिशी म्या एक खोटं सांगितलं."
"दिशा?"
"दिशा न्हाय गं."
कमल उठली. दोन्ही हातांनी बंडूचे कान घट्ट झाकले आणि म्हणाली, "सांगा."