खिडकीजवळची खाट

ता. १४, रविवार, दुपार

प्रिय चिमणे,

खूप खूप आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे, डोळ्यांत थेंब वेळेवर घालते. मी तुझ्याकडे कधी येणार असं विचारलंस, त्यावर नंतर लिहिते.

आधी आमच्या वृद्धाश्रमातली गंमत ऐक. गेल्या आठवड्यात खिडकीजवळची खाट रिकामी झाली. अध्यक्ष म्हणून रोजची फेरी मारताना मी ती पोस्टमास्तरांना कबूल करून टाकली. तिकडे आमच्या मुख्य कार्यकारी बाईंनी तीच खाट शिंपीकाकांना दिलेली, कारण त्यांना दम लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोघे म्हातारे आपापलं गाठोडं घेऊन एकाच खाटेवर, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. एक म्हणतो अध्यक्षांनी दिली, दुसरा म्हणतो मॅडमनी. उठायला कोणी तयार नाही. चहासुद्धा तिथेच प्यायले.

मला हसू आलं. बाईंना नाही आलं. दुपारी त्यांनी राजीनामा माझ्या पुढ्यात ठेवला.

ही बाई गेली तर आश्रम पुन्हा माझ्या गळ्यात, आणि ह्या वयात तो मला झेपायचा नाही. मी म्हटलं, एका खाटेसाठी? त्या शांतपणे म्हणाल्या, "खाट कुणाला द्यायची हे मी ठरवायचं. आश्रम कसा असावा हे तुम्ही विश्वस्तांनी ठरवायचं. माझं चुकलं तर सभेत खुशाल कान उपटा. पण भाजीत मीठ पडलं का, हे बघत रोज माझ्या मागे फिरू नका."

राग आला, खोटं कशाला सांगू. लगेच संध्याकाळी विश्वस्तांना बोलावलं. वाटलं, सगळे माझी बाजू घेतील. वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, बाईंचं बरोबर आहे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मेले इतकी वर्षं मूग गिळून बसले होते!

शेवटी ठरलं. धोरण ठरवणं आणि बाईंना जाब विचारणं आमच्याकडे, रोजचा कारभार आणि नोकरमाणसं त्यांच्याकडे. मी जायचं ते सभेला, नाहीतर पाहुणी म्हणून. राजीनामा त्यांनी परत घेतला. खाट शिंपीकाकांना मिळाली. पोस्टमास्तरांची समजूत मात्र मलाच काढावी लागली. आता दोघे त्याच खाटेवर पत्ते कुटत बसतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी जी आडवी झाले, ती दिवेलागणीलाच उठले. हे गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

आता लिहूनच टाकते. आश्रमाचं माझ्यावाचून अडत होतं म्हणून मी रोज जात नव्हते. ह्यांच्या मागे मला ह्या घरात बसवत नव्हतं. तुझ्याकडे यायचं टाळलं तेही त्यामुळेच. तुम्हा नवरा-बायकोला समोरासमोर जेवताना बघवलं नसतं मला.

आता बघवेल असं वाटतं. पुढच्या आठवड्यात येते, चांगली महिनाभर राहीन. मला कुठली खाट द्यायची ते तू ठरव. आणि तुझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसलं तर बिनधास्त हाकलून दे.

तुझी,
सभेपुरती अध्यक्ष आणि एरवी नुसती ताई