नऊ कलमं आणि एक निळी फीत

सायखेडा, १२ जानेवारी

ती. शकूमावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला पुरतं बोलू देणार नाहीस, म्हणून पत्र. तू आमच्या शाळेला दिलेल्या गुलाबाच्या बारा कलमांपैकी नऊ गेली. शेळीनं खाल्ली नाहीत. माझ्यामुळे मेली.

दिवाळीनंतर मी चौथीच्या वर्गात तक्ता लावला होता. चांगल्या कामाला एक चांदणी, झाडांना बादलीभर पाणी घातलं की एक चांदणी. ही शेतकऱ्यांची पोरं. कांद्याच्या पातीकडे बघून पाणी कधी द्यायचं ते मला सांगतात. तरी मधल्या सुट्टीत बादल्यांवर बादल्या ओतत राहिली. काळी जमीन, मुळं कुजली. रविराजच्या एकट्याच्या एकेचाळीस चांदण्या झाल्या.

हर्षालीनं मात्र एकदाही जास्तीचं पाणी घातलं नाही. उलट एके दिवशी खुरप्यानं चर काढून तिनं शेवटच्या ओळीतलं पाणी बाहेर सोडलं. व्हरांड्यात चिखल झाला म्हणून मी सगळ्यांसमोर तिची एकुलती एक चांदणी काढली. आज जगलेली तीन कलमं त्याच ओळीतली आहेत.

सहा दिवस झाले, ती शाळेत येत नाही. घरी गेले, तर तिची आजी बायडाबाई म्हणाल्या की पोरगी ऐकतच नाय. आणि कांद्याची लागण चालू हाय, तर राहीना का घरी, तेवढाच हातभार. त्यांनी चहा दिला, पण हर्षाली बाहेर आली नाही. ही मुलगी कायमची घरी बसली तर ते माझ्यामुळे. तक्ता फाडून टाकू का? तुला तर कॉन्व्हेंटमध्ये प्रामाणिकपणाची फीत मिळाली होती. तूच सांग.

लोभ आहेच, रागावलीस तरी तो ठेवूनच रागाव.

तुझी,
शुभांगी

देवळाली कॅम्प, १७ जानेवारी

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद.

गुलाबांचं वाईट वाटलं, पण त्यावर मी रडणार नाही. तुझ्या काकांनी पत्र वाचून एवढंच विचारलं की सगळा दोष अंगावर घेऊन शुभांगी स्वतःला किती चांदण्या लावून घेते.

आता माझ्या फितीचं ऐक. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. दर शुक्रवारी सिस्टर खरं बोलणाऱ्या मुलीच्या फ्रॉकला निळी साटिनची फीत लावत. मला ती इतकी हवी होती की झोपेतही दिसायची. एकदा मांजरानं शाईची मोठी बरणी पाडली. मी उभी राहिले आणि सांगितलं की माझ्या हातून पडली. खरेपणाची फीत मी खोटं बोलून मिळवली. शाईची पावलं पार खिडकीपर्यंत उमटली होती, ती मला दिसलीच नाहीत. सिस्टरना दिसली होती.

त्यांनी फीत लावली, पण सोमवारी मला शाईच्या कपाटाची किल्लीही दिली. मांजराला खिसा नसतो म्हणून तुझ्याकडे, एवढंच म्हणाल्या. मी वर्षभर ती शाई अशी सांभाळली की थेंब सांडू दिला नाही, आणि त्यासाठी मला कुणी काही दिलं नाही. फीत अजून माझ्या ट्रंकेत आहे, मी ती पुन्हा कधी लावली नाही.

म्हणून मी बक्षिसाला सरसकट वाईट म्हणणार नाही. मला फितीनं सुधारलं की किल्लीनं, ते या वयातही नक्की सांगता येत नाही. पण हर्षालीकडे चांदणी घेऊन जाऊ नकोस. माफी माग आणि तिच्याकडून चर काढायला शीक.

ऊन उतरल्यावर स्वेटर घालत जा, आणि या म्हातारीला विसरू नकोस.

तुझी,
शकूमावशी

सायखेडा, २७ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शेतावर जाऊन बायडाबाईंच्या देखत माफी मागितली. चर काढायला शिकव म्हटलं, तेव्हा माझं खुरपं धरणं बघून बायडाबाई हसत सुटल्या. बाईंना तर लय शिकवावं लागंल, म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पोरीला स्वतः सोडायला आल्या.

वर्गात मी माझी चूक सांगितली. तेव्हा रविराज उठला. मुळं कुजणार हे त्याला कळत होतं, पण चांदणी पाहिजे होती, असं तो सरळ म्हणाला. मावशी, माझा हात सवयीनं चांदण्यांच्या पाकिटाकडे गेला. तेवढ्यात तुझी बरणी आठवली. मी नुसती मान डोलावली. तक्ता उतरवला. बागेचं खुरपं हर्षालीकडे दिलं, आणि ते कुणाला कधी द्यायचं हेही तिच्यावरच सोपवलं.

परवा मी लवकरच्या बसनं आले. शाळा अजून उघडायची होती. रविराज एकटाच त्या तीन कलमांची माती भुसभुशीत करत बसला होता. मला बघताच त्यानं खुरपं पाठीमागे लपवलं, जणू चोरी पकडली गेली.

मी काही न पाहिल्यासारखी कुलूप उघडायला गेले.

तुझा लोभ कमी झाला नसेल, या भरवशावर,
शुभांगी

देवळाली कॅम्प, १ फेब्रुवारी

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद.

शेजारचा राजू नऊ कलमं घेऊन येतो आहे. पाणी किती घालायचं ते हर्षालीला विचार, मला नको.

रविराजला तू पाहिलंस हे त्याला कधी सांगू नकोस. ते त्याचं त्याच्यापाशी राहू दे.

जुडी निळ्या फितीनं बांधली आहे. सोडलीस की फेकू नकोस. एखाद्या वाकणाऱ्या कलमाला काठीशी बांधायला उपयोगी पडेल.

पहिलं फूल उमललं की कळव, मी बघायला येईन.

तुझी,
शकूमावशी