सुटलेला सुंभ

चि. सुदेश,

पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की तुझी आई, विमला, टोपली घेऊन धावायची. तो आवाज अजून कानात आहे. आता ती दर घटकेला विचारते, "पोदेर आयलो?" सांगून सांगून जीव विटला.

आणि तू फोनवर म्हणतोस, "बाबा, बदाम द्या, कोडी घाला." अरे, मेंदूच्या पेशींतल्या बारीक नळ्या टाऊ नावाचं प्रथिन धरून ठेवतं, वासे सुंभाने बांधावेत तसं. डॉक्टर म्हणाले, तिचा तो सुंभच सुटून गुंता झालाय. बदामाने गाठ बसते काय? मी वर्गात शिकवलेली कविता अख्खी म्हणते. माझं नाव विचारलं की पुन्हा पहिलं कडवं म्हणते.

थांब, दार वाजलं.

परसात गेलेली तुझी आईच पुढच्या दारात उभी होती. "मास्तर, विमला आसा घरांत?"

"आहे," म्हटलं. "बस, बोलावतो."

हे पत्र न टाकणारा,
बाबा