न केलेल्या आंघोळींची वाटणी

मी, प्रमिलाबाई भिला पाटील, वय वर्षे एकाहत्तर, राहणार धानोरा, तालुका व जिल्हा नंदुरबार, आज बुधवारी सकाळी, कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीवर राहून आणि आंघोळ न करता हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. आंघोळीचा उल्लेख गाळा, असे वकीलसाहेब म्हणत होते. मी गाळला नाही. माझे आंघोळीचे वार सोमवार आणि गुरुवार, हे साऱ्या भावकीला तोंडपाठ आहे. उद्या कोणी कोर्टात उभे राहून "म्हातारी आंघोळ करत नव्हती, म्हणजे तिचे डोके ठिकाणावर नव्हते" असे म्हणू नये, म्हणून डॉक्टर इंद्रसिंग गिरासे यांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली, वार विचारला, माझ्या शेजारी बसून चहा घेतला आणि त्यांना कसलाही वास आला नाही. हे वाक्य दाखल्यात घालायला त्यांनी नकार दिला, म्हणून मी येथे घालते.

१) माझे पती कै. भिला यांनी हयातीतच राहते घर माझ्या नावे केले. घरामागे सिमेंटची झाकणबंद टाकी आहे, तीही त्यांनीच बांधली. त्यांच्या माघारी दोन-तीन उन्हाळ्यांत आमची बोअर आटली आणि गावात टँकर सुरू झाला. टँकर त्याच्या मर्जीने यायचा. तेव्हा मी माझ्यापुरते ठरवले की आठवड्यातून दोनदा अंगावर पाणी घ्यायचे, बाकीचे दिवस ओल्या पंच्याने अंग पुसायचे आणि वाचलेले पाणी टाकीत ओतायचे. मी कोणाला असे करायला सांगितले नाही. उपदेश करण्याचे काम आमच्या घरात आधीच एकाकडे आहे.

२) तो एक म्हणजे माझा मुलगा हेमकांत. तो नंदुरबारला कॉलेजात शिकवतो आणि पाणी वाचवण्यावर फार सुंदर भाषण करतो. त्याबद्दल एका संस्थेने त्याला 'जलमित्र' अशी ढाल दिली. त्याच वर्षी त्याने न्हाणीत पावसासारखा पडणारा शॉवर बसवला. जलमित्र रोज सकाळी त्या पावसात उभे राहून एक गाणे पूर्ण म्हणतात. मध्येच थांबले तर गाण्याचा अपमान होतो. सबब, सदर शॉवर नळकांड्यासह हेमकांतलाच मिळावा आणि ढालही त्याच्याखालीच टांगावी, म्हणजे दोघांनाही रोज आंघोळ घडेल.

३) सूनबाई चेतना नाशिकची. ती मला कधी उलट शब्द बोलली नाही, फक्त मी खोलीत आले की ती उदबत्ती लावायची. नातलगांना ती माझ्याबद्दल म्हणायची, "आईंचं वयच झालंय आता." कपाटातील उदबत्तीचे सर्व पुडे चेतनास. तिच्याबद्दल आणखी लिहायचे आहे, पण ते पुढे.

४) आता नात रुपा हिच्या साखरपुड्याची हकिकत. ती नोंदवल्याशिवाय पुढची वाटणी कोणाला पटणार नाही.

गेल्या वैशाखात मुलाकडची मंडळी शहाद्याहून आमच्या घरी यायची होती. आदल्या दिवशी हेमकांत माझ्यापुढे उभा राहिला. कॉलेजात तो छापील मराठी बोलतो, पण आईला टाकून बोलताना त्याला अहिराणीच सुचते.

"माय, सकाय पाव्हना येथीन. तू आंघोय करी ले, नही ते मांगे बठ."

मी म्हटले, "मी आंघोय करसू ते तुना पाव्हनासले पेवाले काय देसू?"

"टँकर सांगेल शे," तो म्हणाला आणि टँकरवाल्याला पुन्हा फोन लावत गेला.

वार सोमवार नव्हता आणि गुरुवारही नव्हता. मी मागे बसले. पाहुणे पुढच्या दाराने आले, मी मागच्या अंगणात टाकीला टेकून ढोलताशे ऐकले. भिंतीपलीकडे इद्रिस गादीवाल्यांचे घर आहे. त्यांची बायको जाहेदा भिंतीवरून डोकावली. "मावशी, नातनी सगाई शे नि तू आठे काबर बठेल शे?" मी सांगितले की माझ्याकडे टाकीची राखण दिली आहे. ती मागच्या फाटकातून आत आली आणि माझ्या शेजारी बसली.

टँकर मात्र वाटेत कोठेतरी चाक धरून बसला. आचाऱ्यांनी वरण-बट्टीचे पीठ परातीत काढलेले, पातेली कोरडी, आणि मांडवात पाहुणे रिकामे पेले हातात धरून सभ्यपणे खाकरत होते. जलमित्र धावत मागे आले. नवा कुर्ता घामाने पाठीला चिकटला होता. वासाबद्दल मी काही बोलले नाही.

"माय, टाकीमा पानी शे का?"

"शे. पन ते मन्ही आंघोयनं शे. चाली का?"

त्याने एकदा मांडवाकडे पाहिले. "चाली," म्हणाला.

जाहेदाने आणि मी हंडे भरून दिले. वरण शिजले, बट्ट्या झाल्या, पाहुणे पोटभर पाणी प्यायले. मुलाच्या काकांनी विचारले, "इतके गोड पाणी, विहीर कोणाची?" हेमकांत म्हणाला, "आम्ही घरातच जलसंवर्धन करतो." आम्ही! हे ऐकून जाहेदा तोंडावर ओढणी धरून हसली. मी हसले नाही. त्या एका शब्दात मी कोठे बसते ते शोधत होते.

मग फोटोसाठी सगळ्यांना हाका झाल्या. मला झाली नाही. रुपाने ते पाहिले. ती हिरव्या शालूत तशीच मागे आली, माझा हात धरला आणि मला मांडवाच्या मधोमध नेऊन उभे केले. म्हणाली, "ही माझी आजी. तुम्ही आत्ता प्यायलात ते हिच्या आंघोळीचं पाणी."

मुलगी शिकलेली आहे, पण वाक्यरचना जरा चुकली. मुलाच्या आईने पेला खाली ठेवला. कोणीतरी तोंडात घेतलेले पाणी झाडाच्या मुळाशी सोडले. काका गोडीबद्दल जे बोलले होते, ते मागे घ्यायचा मार्ग शोधू लागले. चेतनाचा चेहरा पांढरा पडला. हेमकांत "तसं नाही, तसं नाही" म्हणत राहिला, पण कसे ते त्याला सांगता येईना. सांगायचे तर आई मागे का बसली होती, तेही सांगावे लागले असते. लग्न मोडते की काय, अशी ती वेळ होती. रुपाने माझा हात सोडला नाही. मी मनात म्हटले, मी आज आंघोळ करून मोकळी झाले असते, तर पोरीवर ही पाळी आली नसती.

मग मीच सांगितले. मी आंघोळ केली नाही, म्हणून ते पाणी उरले. टाकीला झाकण आहे. पाण्यात कोणी उतरले नाही. तेवढ्यात नवरा मुलगा चंदन उठला, माझ्यापुढे आला आणि पेला पुढे करून म्हणाला, "आजी, आखो दे." मी दिले. तो सगळ्यांदेखत शेवटपर्यंत प्यायला. त्याच्या आईनेही मग आपला पेला उचलला. फोटो निघाला. त्यात मी मधोमध आहे आणि हेमकांत कडेला, अर्धा.

लग्न झाले. हेमकांत मात्र पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. माझ्यामुळे त्याची इज्जत गेली, असे त्याचे म्हणणे. गेली असेल. माझ्याकडे ती सापडल्यास परत करण्यात यावी.

५) सबब वाटणी अशी. शेतजमीन हेमकांतला. त्याने ती स्वतः कसावी असा माझा आग्रह नाही, तिच्यावर भाषण करू नये इतकाच आहे. माझी पोत रुपाला. त्या दिवशीचा पेला चंदनला. घरात उरलेले बाकीचे पेले तसे बिनकामाचेच आहेत.

६) तांब्याचा हंडा, आणि मागच्या फाटकातून येऊन टाकीतून पाणी भरण्याचा कायमचा हक्क जाहेदाला. हा हक्क घराच्या पुढच्या सर्व मालकांवर बंधनकारक राहील. इद्रिसभाई साक्षीदार व्हायला तयार होते. परंतु ज्याच्या घरात काही जाते त्याने साक्ष करू नये, असे वकील म्हणाले. इद्रिसभाई म्हणाले, "मंग साक्षना ऐवजी गादी भरी देस." भरून दिली. तिच्यावर बसूनच हे लिहीत आहे.

७) राहते घर सूनबाई चेतनास, एकटीस. हे वाचून हेमकांत उठून उभा राहील, त्याला बसवावे. कारण असे की, यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी चेतना न्हाणीत गेली तरी पावसाचा आवाज आला नाही. नंतर कळले, चेतना बादलीने आंघोळ करते, तीही दिवसाआड, आणि उरलेली बादली मी झोपलेली असताना टाकीत ओतते. मला तिने सांगितले नाही. मीही तिला विचारले नाही. उदबत्तीही हल्ली लागत नाही. नवऱ्याला तिने काय सांगितले, तो त्यांचा प्रश्न.

८) माझ्यामागे. अंत्ययात्रेहून परतल्यावर भावकीने दारात हातपाय धुवावेत, तेवढे सुतकाला पुरे. ज्यांना माझ्या नावाने डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय राहवणार नाही, त्यांनी दशक्रियेला प्रकाशा तीर्थावर जाऊन तापीत हवे तेवढे डुंबावे. घरच्या टाकीला हात लावू नये. माझ्या स्वच्छ राहणीवर श्रद्धांजलीची भाषणे होतील, ती उभ्याने आणि उन्हात व्हावीत.

मला शेवटची आंघोळ चेतनाने घालावी, पाणी जाहेदाने ओतावे. भावकीतील कोणाची यास हरकत असल्यास त्यांनी तेवढा वेळ मागच्या अंगणात जाऊन बसावे. जागा सावलीची आहे. पाणी एक तांब्याच घ्यावे, जास्त नको. मात्र ते कोमट असावे. मला थंडी फार वाजते, हे मी घरात कधी कोणाला सांगितले नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला तो समजला आणि पटला. साक्षीदारांसमोर सही करते.

ठिकाण : धानोरा, जि. नंदुरबार
दिनांक : १४ मे २०२५

(सही) प्रमिलाबाई भिला पाटील

साक्षीदार :
१. (सही) डॉ. इंद्रसिंग गिरासे
२. (सही) नवनीत चौधरी, निवृत्त पोस्टमास्तर