गेटासमोरचा सायकल ट्रॅक

४ जानेवारी २०१०, सोमवार

खांब उपटणार म्हणे! ऑफिसातून आले तर लिफ्टशेजारी नोटीस. २४ तारखेला सोसायटीची मीटिंग, विषय एकच — गेटासमोरचा सायकल ट्रॅक. ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी खांब आहेत, ते काढून टाका असा अर्ज वर पाठवायचा. का? तर गाड्या लावायला जागा नाही! घरटी दोन-दोन गाड्या घेताना जागेचा विचार कोणी करायचा? आम्ही?

नोटिशीखाली सही अध्यक्षांची, म्हणजे तळमजल्यावरच्या भल्लाबाईंची. ते खांब लागावेत म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी किती हेलपाटे घातले ते मलाच माहीत. एकेका साहेबाच्या केबिनबाहेर बसून पाठ धरली.

राघवला म्हटलं, अरे, खांब गेले की तिथे गाड्या लागणार आणि मैत्रेयी परत मोठ्या रस्त्यावर. कॉल सेंटरच्या गाड्या तिथून कशा सुटतात, बघतोस ना? नोव्हेंबरात आपल्या गार्डला, हरिदासला, तिथेच सायकलवरून उडवलं. अजून पाय प्लास्टरमध्ये आहे त्याचा. राघव टीव्हीवरून डोळे न काढता म्हणतो, "मग क्लासला रिक्षाने जाऊ दे तिला."

रिक्षाचा प्रश्नच नाही! अकरावीतली मुलगी कोणावर अवलंबून न राहता क्लासला जाते, येते, एवढं तरी या शहरात जमावं की नाही? पुण्यात आम्ही पोरी कर्वेनगरहून कॉलेजला निघायचो, तिघी तिघी शेजारी, अख्खा रस्ता अडवून, गप्पा मारत. मागून कोणी घंटी वाजवली तर त्यालाच दटावायचो. इथे दिल्लीच्या द्वारकेत मी सायकल काढली की गेटवरून विचारणा — "मैडम, गाड़ी ख़राब है क्या?"

७ जानेवारी

धुकं इतकं की समोरची बिल्डिंग दिसेना. भल्लाबाई मात्र दिसल्या. थांबवलंच मला.

"सुनेत्रा जी, बात सिर्फ़ पार्किंग की नहीं है. एक तरफ़ दीवार, एक तरफ़ झाड़ियाँ. छह बजे वहाँ कुछ दिखता नहीं. बच्चियों के लिए ठीक नहीं है."

मी म्हटलं, "तो लाइट लगवाइए ना! पार्किंग क्यों?"

जन्मात सायकलला पाय लावला नाही आणि सायकलवाल्या मुलींची काळजी! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आधी गाडीला जागा हवी, मग आठवल्या मुली. मानभावीपणा नुसता.

१० जानेवारी, रविवार

सुचलं! संक्रांतीचं हळदी-कुंकू आपल्याकडेच करायचं. दरवर्षी मी आणि सी ब्लॉकमधली लतिका आलटून पालटून करतो, यंदा पाळी तिची आहे. तिला फोन केला — अगं, यंदा मला दे. या सोसायटीत सगळ्या बायका एका छताखाली येतात त्या याच दिवशी. पंजाबी, मल्याळी, बंगाली, सगळ्या हौसेने येतात. मीटिंगला त्यांचे नवरे बोलतात, इथे त्या बोलतील.

वाण काय द्यायचं तेही ठरलं. प्लॅस्टिकचे डबे, वाट्या पुरे झाल्या. यंदा सायकलला मागे लावायचे लाल दिवे!

लतिका हसतच सुटली. "आणि जिच्याकडे सायकलच नाही तिने काय करायचं? गॅसला लावायचा?"

तिने कामवालीच्या नाहीतर गार्डच्या सायकलला लावावा. पुण्य लागेल.

१४ जानेवारी

तिळगूळ घ्या, गोड बोला. भल्लाबाईंनाही नेऊन दिला. गोड बोलले. दात-ओठ खाऊन, पण बोलले!

१७ जानेवारी, रविवार

पाय मोडून आले, पण काय रंगलं आज हळदी-कुंकू! खोलीत बसायला जागा उरली नाही. मी कुंकू लावत होते, मैत्रेयी अत्तर आणि गुलाबपाणी. काळी चंद्रकळा तिने आपणहून नेसली. माझीच, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची. एवढी मोठी कधी झाली ही?

प्रत्येकीच्या कपाळाला बोट टेकवताना मी विचारत होते — ट्रैक रहना चाहिए ना? आणि प्रत्येक जण — हाँ हाँ, बिल्कुल! एकीनेही नाही म्हटलं नाही. डी ब्लॉकची बंगाली तर म्हणाली, आमच्याकडे मुली लहानपणापासून सायकलवर. दिवे बघून सगळ्या खूश. मी सगळ्यांना सांगितलं, मेरी मैत्रेयी रोज़ ट्रैक से क्लास जाती है, इसी से पूछो. ती म्हणाली, "हाँ आंटी, मस्त है."

भल्लाबाई आल्या. आल्या म्हणजे कमाल आहे. मी चहाचं बघायला आत गेले तर स्वयंपाकघरात मैत्रेयीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मला पाहून थांबल्या. माझ्याच घरात येऊन माझ्याच पोरीला फोडतायत! नंतर तिला विचारलं, काय म्हणत होत्या? "काही नाही गं आई. अभ्यास कसा चाललाय." खोटं बोलली की हिच्या नाकपुड्या फुगतात. लहानपणापासून.

१८ जानेवारी

मैत्रेयीचं काहीतरी बिनसलंय. जेवणात लक्ष नाही. विचारलं तर "यार आई, सोड ना." आईला यार! फिजिक्सचा ताण असणार.

२४ जानेवारी, रविवार

मीटिंगहून आत्ताच आले.

मीटिंग दणक्यात सुरू झाली. आधी पुरुष. गाड्यांवर ओरखडे पडतात, पाहुण्यांनी कुठे लावायच्या, सायकलवरून येतं कोण — माली और बाई! हे असं, तोंड वर करून. मी उठले, हरिदासच्या पायाची आठवण करून दिली. म्हटलं, तो माली नव्हता, तुमच्या गेटवर रात्रभर जागणारा माणूस होता. मग अध्यक्षीणबाईंनी विचारलं, ट्रॅक जसा आहे तसा राहावा असं कोणाला वाटतं, हात वर करा.

चार हात. माझा धरून!

काल-परवा माझ्या घरी तिळगूळ खाऊन बिल्कुल बिल्कुल करणाऱ्या सगळ्या समोर बसलेल्या. कोणी मोबाईल बघतेय, कोणी शाल सावरतेय. लतिका नवऱ्याशेजारी होती. तिचा हात शालीतून जेमतेम बाहेर आला आणि परत आत गेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी मूर्ख! कपाळाला कुंकू लावून घेताना कुठली बाई नाही म्हणेल? सवाष्णीने सवाष्णीला त्या क्षणी नाही म्हणायचं नसतं, हे माझ्या आईने मला शिकवलंय, आणि त्या होकाराला मी मत समजून बसले. दिल्लीच्या बायकांनी आपली रीत माझ्यापेक्षा बरी पाळली म्हणायची!

राग असा आला. परत उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मेरी बेटी रोज़ उस ट्रैक से जाती है, रोज़ सही-सलामत आती है. ये खंभे हटाए और कल उसे सड़क पर कुछ हुआ तो आप में से किसके घर जाऊँ मैं?"

भल्लाबाई उत्तर द्यायला उभ्या राहिल्या. तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ठीक है. मार्च तक देख लेते हैं." आणि बसल्या. पुरुषांनी गलका केला, पण त्या बधल्या नाहीत.

जिंकले! पण कशी, ते कळलं नाही. एवढी खमकी बाई, पोलिसाशी भांडणारी, माझ्या एका वाक्याने बसते?

२५ जानेवारी

राघव म्हणाला, "तू मैत्रेयीला मध्ये आणायला नको होतंस." का नको? ती जाते, हे खरं आहे ना!

तिला म्हटलं, चल, एकदा दोघी मिळून जाऊ ट्रॅकने. केवढ्याने अंगावर आली! "मी काय लहान आहे का? प्रत्येक वेळी माझंच नाव का?" दार आपटलं. लतिकाचा फोन आला, घेतला नाही मी.

२८ जानेवारी, गुरुवार

आज अर्धी रजा टाकली. ठरवलं, मैत्रेयीला न सांगताच समोरून गाठू. क्लास सुटायच्या सुमाराला सायकल काढली आणि ट्रॅकला लागले.

दिवे नाहीत. म्हणजे खांब आहेत दिव्यांचे, पेटत नाहीत. एका बाजूला सोसायट्यांच्या भिंती, दुसरीकडे ती झुडपं. मोठ्या रस्त्याचा आवाज येतो, पण दिसत काही नाही आणि आपण कोणाला दिसत नाही. मी हे कधी बघितलंच नव्हतं. मी आपली रविवारी सकाळी फिरायची, उन्हात.

मध्यावर मागून मोटरसायकल आली. माझ्या खांबांतून मोटरसायकल सहज निघते! दोघे होते. हॉर्न नाही, काही नाही, शेजारून चालवत राहिले. मग एक म्हणाला, "आंटी, अकेले?" आणि दुसरा हसला. पुढे गेले, वळले, परत आले. अगदी हँडलला हँडल लागेल असे. मी पायडल मारत राहिले, जानेवारीत घाम फुटला. ओरडायला तोंडच उघडेना. कोणासाठी ओरडायचं? भिंतीसाठी? झुडपांत एक मोकळी फट आली, तिथून मोठ्या रस्त्यावर निसटले, आणि बसचा भोंगा ऐकून रडू आलं मला.

घरी पोचले तर मैत्रेयी पुस्तक घेऊन बसलेली.

"कधी आलीस?"

"आत्ताच."

"ट्रॅकवर दिसली नाहीस."

दचकली. "आज मोठ्या रस्त्याने आले."

मोठा रस्ता! ज्याच्यापासून वाचवायला एवढा आटापिटा केला. आणि देवाशपथ, मला बरं वाटलं.

सांगावं असं अगदी ओठांवर आलं. पण मग ती सांगणार राघवला, राघव सोसायटीत, आणि भल्लाबाईंना आयतं कोलीत. मार्चपर्यंत कसंबसं टिकवलंय. आधी दिव्यांचा अर्ज करू, मोटरसायकल अडेल असं काहीतरी करून घेऊ, मग बघू. तोवर नको.

फक्त एवढंच म्हटलं, "क्लास सुटल्यावर रेंगाळू नकोस."

तिने मान वर केली. "का?"

"असंच."

३१ जानेवारी

झोप नीट लागत नाही. दिव्यांचा अर्ज लिहून झाला.

१ फेब्रुवारी, सोमवार

मेट्रो आज रिकामी मिळाली, लवकर पोचले. गेटाशी भल्लाबाईंची गाडी थांबली आणि मागच्या दारातून मैत्रेयी उतरली. पाठीला दप्तर.

भल्लाबाईच बोलल्या. दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती रडत आली होती. दोन मुलं, मोटरसायकल. तेव्हापासून रोज ती सायकल त्यांच्या मागच्या अंगणात ठेवते, आणि त्याच तिला सोडतात, आणतात. "बोली, आई को मत बताना आंटी, ट्रैक के लिए वो कितना लड़ी है. मैंने उसे ज़बान दी थी."

घरात आलो. मैत्रेयी म्हणाली, "तू पुण्यात रोज जायचीस. मला वाटलं, मीच भित्री."

मी तिला गुरुवारचं सगळं सांगितलं.

तिने दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "आणि तरी तू मला एवढंच म्हणालीस — रेंगाळू नकोस?"